अकरा महिन्यांचा वर्षावास

माझा अंगठा काही केल्या उठेना. एजंटाचा पोरगा बायोमेट्रिकचं यंत्र आणि लॅपटॉप घेऊन रिकाम्या हॉलमध्ये फरशीवर बसलेला, मी त्याच्यासमोर उकिडवा. आधी अंगठा पँटीला पुसून झाला, मग ओल्या फडक्याने. मग तो म्हणाला, "काका, कपाळावर घासा, थोडं तेल लागतं." तेही केलं. यंत्र लाल दिवा दाखवून गप्प. आमची ही दारात पिशव्या धरून उभी होती. ती म्हणाली, "बत्तीस वर्षं तिकिटं फाडलीत त्या अंगठ्याने. त्यात आता काय राहिलंय उठायला?"

खरं होतं. बेस्टमध्ये मशीन यायच्या आधी आम्हा कंडक्टरांचं सगळं काम अंगठ्यावर चालायचं. पेटीतलं तिकीट अंगठ्याने वर सरकवायचं, फाडायचं, पंच मारायचा, सुट्टे पैसे अंगठ्यानेच मोजायचे. रेषा कधीच पुसल्या गेल्या. शेवटी तर्जनी चालली आणि विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली दुसऱ्या मजल्यावरची एक जागा अकरा महिन्यांसाठी आमच्या नावावर झाली.

नावावर झाली म्हणजे तरी काय? पोराने करार वाचून दाखवला. लिव्ह अँड लायसन्स. या जागेत मला फक्त राहायची परवानगी आहे. जागेवर माझा कसलाही हक्क, मालकी किंवा हितसंबंध निर्माण होत नाही. मुदत संपताच जागा शांतपणे रिकामी करून द्यायची. इगतपुरीला दहा दिवस मौन धरून बसलो होतो तेव्हा जे डोक्यात शिरलं नाही, ते स्टॅम्प ड्युटी आणि हजार रुपये नोंदणी फी भरून पाच मिनिटांत कळलं. मला हसू आलं. पोराला वाटलं, काका खूश झाले.

आम्ही नायगावचे, बी. डी. डी. चाळीतले. सर जॉर्ज लॉईड मुंबईचे गव्हर्नर असताना 1920 साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं निघालं, त्याने बांधलेल्या या चाळी. वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32, शिवडीला 12. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत ऐंशी खोल्या, संडास मजल्यावर सामाईक. खोली 160 चौरस फुटांची. त्या 160 फुटांत माझे वडील गिरणीतून रात्रपाळी करून येऊन झोपायचे आणि आम्ही पाच भावंडं त्यांच्या पायथ्याशी बसून आवाज न करता अभ्यास करायचो. मालक सरकार, भाडेकरू आम्ही. भाडं नाममात्र होतं, पण पावती होती, आणि आई ती पावती बाबासाहेबांच्या तसबिरीमागे जपून ठेवायची. त्या चौकटीमागे दुसरं काही ठेवलेलं तिला खपत नसे.

आता चाळी पडतायत. म्हाडा टॉवर बांधतेय, त्यात 500 फुटांचं मालकीचं घर मिळणार आहे. टॉवर उभा राहीपर्यंत संक्रमण शिबिरात जा, नाहीतर महिना 25 हजार रुपये भाडं घ्या आणि तुमची सोय तुम्ही बघा, असे दोन पर्याय होते. मुलाने ठरवलं, भाडं घेऊ. म्हणजे ज्या सरकारला आमच्या घराण्याने वर्षानुवर्षं भाडं भरलं, तेच सरकार आता आम्हाला भाडं देतंय. पहिला हप्ता बँकेत आला तेव्हा मी पासबुक भरून आणलं आणि ती ओळ दोनदा वाचली. पेन्शन जमा होते तेव्हा मी असं वाचत नाही. पेन्शन माझ्या घामाची. हे काय होतं?

रविवारी विहारात वंदना झाल्यावर हाच विषय निघाला. माझे एक जुने सहकारी आहेत, डेपोत टाइमकीपर होते, आता सगळा वेळ धम्माच्या पुस्तकांत असतात. ते म्हणाले, "तुम्ही महिनाभर घर घर करताय. तथागतांनी राजवाडा सोडला आणि तुम्हाला हॉल-किचन सुटत नाही. ही तृष्णाच आहे." त्यांचं स्वतःचं घर परळला आहे, स्टेशनपासून चार मिनिटांवर. घरी येऊन मी हे हिला सांगितलं. ती पोह्यांना फोडणी देत होती. म्हणाली, "तृष्णा नाही, छप्पर म्हणतात त्याला."

गंमत सोडा, पण प्रश्न खरा आहे आणि त्याने मला बरेच दिवस सोडलं नाही. छपराची इच्छा ही तृष्णा आहे का? घर सोडून अनागारिक होणं हा ज्या धम्मात सगळ्यात मोठा मार्ग मानलाय, त्या धम्माच्या माणसाने घरासाठी दारोदार फिरावं, वर सरकारचे पैसे घ्यावेत, हे त्या धम्मात कुठे बसतं?

वाचत गेलो तसं वेगळंच दिसायला लागलं. ज्याने सगळं सोडलं त्या भिक्खूलाही चार गोष्टी लागतात असं विनय, म्हणजे भिक्खूंची नियमावली, मान्य करतो: चीवर, भिक्षा, राहायची जागा, औषध. जागेला पालीत सेनासन म्हणतात, निजायची आणि बसायची जागा. भिक्खूने रोज मनाशी उजळणी करायची असते की ही जागा कशासाठी वापरायची, तर थंडीपासून, उन्हापासून, डास-माश्यांपासून, वाऱ्यापासून बचावासाठी आणि एकांतासाठी. मी ती यादी वाचली आणि वाटलं, हे तर एजंटाला सांगायचं होतं! प्रतीक्षा नगरात त्याने एक खोली दाखवली, तिची एकुलती खिडकी डक्टात उघडत होती. डास होते, वारा नव्हता.

त्याहून मौजेचं प्रकरण वर्षावासाचं आहे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूने एका जागी राहायचं. पण जागेशिवाय वर्षावास धरायचा नाही, असा नियमच करावा लागला. उघड्यावर नको, झाडाच्या ढोलीत नको, छत्रीखाली नको, रांजणात नको. रांजणात! म्हणजे कुणीतरी रांजणात राहून पाहिलं असणार, त्याशिवाय नियम कशाला होईल? अडीच हजार वर्षांपूर्वीही माणसं वर्षावासाला जागा शोधत होती, मिळाली नाही की रांजणात शिरत होती, आणि बुद्धाने त्यांना तितिक्षेचा उपदेश केला नाही. आधी दार असलेली जागा बघा, म्हणाले. मला विचाराल तर टाइमकीपर साहेबांना उत्तर इथेच आहे. रांजणातून बाहेर यावंसं वाटणं ही तृष्णा नव्हे. बाहेर आल्यावर त्याच्यावर नावाची पाटी लावली की तिचं काम सुरू होतं.

आमचा शोध पाच आठवडे चालला. वडाळा, अँटॉप हिल, प्रतीक्षा नगर, कुर्ल्याचं नेहरू नगर, चेंबूरचं टिळक नगर. पंचवीस हजार ऐकायला बरे वाटतात. पण डिपॉझिट पंचाहत्तर हजार ते लाख, एजंटाला एक महिन्याचं भाडं, टेम्पो, नवा गॅस, आणि चाळीतले सगळे एकाच वेळी बाहेर पडलेले. आपण ज्या जिन्यावरून उतरतोय त्यावरून मागच्या गल्लीतली वहिनी चढतेय, हातात तोच पत्ता. "जय भीम भाऊ, बघितलीत का? कशी आहे?" काय सांगायचं? चांगली आहे म्हटलं तर तिलाही हवी, वाईट म्हटलं तर खोटं. एकदा मी वाईट म्हटलं. पंचशीलातलं चौथं शील तिथे जिन्यात मोडलं, आणि ती जागा आम्हालाही मिळाली नाही.

आडनावाचं सांगायलाच हवं. फोनवर एजंट गोड बोलतो. "फॅमिली आहे ना साहेब? मग काही प्रॉब्लेम नाही." मग पूर्ण नाव विचारतो. माझं आडनाव ऐकलं की तीन सेकंद शांतता पसरते. मुंबईत ती शांतता मी इतक्यांदा ऐकलीय की मला आता तिची लांबी कळते. एका सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आमच्याकडे सगळे व्हेज आहेत हो, तुम्हालाच ऑकवर्ड होईल." ही म्हणाली, "आम्हाला नाही होत." ते हसले आणि दार लावून घेतलं. बाबासाहेब अमेरिकेत शिकून आले, बडोद्याला नोकरीवर गेले, त्या शहरात त्यांना एक खोली मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून राहिले, आणि लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथून बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पगार होता, पदव्या होत्या, छप्पर नव्हतं. माझ्या खिशातही पैसे होतेच, सरकारचे का असेनात. सरकार भाडं देऊ शकतं, तीन सेकंदांवर त्याचा इलाज नाही.

बाबासाहेबांनीच ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये शंका काढलीय की सगळं जीवनच दुःख आहे म्हटलं तर माणसाला आशा कसली उरते. मी शिकलेला माणूस नाही, पण ती शंका मला त्या जिन्यांवर समजली. जरा, व्याधी, मरण ही दुःखं माझी मी ध्यानात बघेन. बंद झालेलं दार हे दुःख दुसऱ्याच्या हाताने झालेलं असतं. त्याच्याकडे नुसतं बघत बसणं मला धम्म वाटत नाही.

मग पैशांचा प्रश्न राहिला. हे दान आहे का? दान असेल तर घेणारा लहान होतो का?

याचं उत्तर मला नाशिकला सापडलं, आणि तेही हे सगळं सुरू व्हायच्या खूप आधी; तेव्हा प्रश्न नव्हता म्हणून ओळखलं नाही. विहाराची सहल गेली होती त्रिरश्मी लेण्यांना, लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात. दहाव्या लेण्यात भिंतीवर उषवदाताचा लेख आहे. हा शक राजा नहपानाचा जावई. त्याने लेणं कोरवलं, ते चार दिशांच्या संघाला दिलं, आणि पुढे काय केलं ते फार सुंदर आहे. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीत, म्हणजे व्यवसायसंघात, त्याने दोन हजार कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. मूळ रक्कम परत काढायची नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. मी तिथेच मनात गणित केलं. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस जणांत वाटले की बारा-बारा. पैसान् पैसा जुळला. कंडक्टरला हिशेब जुळला की समाधी लागल्यासारखं होतं. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी, याच महाराष्ट्रात, सत्तेतल्या माणसाने छप्पर दिलं आणि त्यात राहणाऱ्यांची वर्षाची सोय बँकेत लावून दिली. त्याच्या बायकोने, दक्षमित्रेने, एक खोली दिल्याचंही तिथे लिहिलंय. शब्द आहे ओवरक, आपली देवळातली ओवरी त्याच घराण्यातली.

पंचवीस हजारांची ओळ पासबुकात वाचल्यावर मला तो लेख पुन्हा आठवला आणि या वेळी दुसरीच गोष्ट दिसली. देणाऱ्याचं नाव दगडात आहे, त्याच्या सासऱ्याचं आहे, बापाचं आहे. त्या वीस जणांपैकी एकाचंही नाव नाही. त्यांची यादी नाही. त्या पावसाळ्यात जे त्या लेण्यात राहतील ते वीस. पुढच्या पावसाळ्यात दुसरे. विनयात कथा आहे ती अशीच: राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार बांधले आणि विचारलं, यांचं आता काय करू? बुद्धाने सांगितलं, आलेल्या आणि अजून न आलेल्या, चारी दिशांच्या संघाला देऊन टाक. न आलेल्यांना! ज्याचा अजून पत्ता नाही, त्याची जागा आधीच धरून ठेवलेली.

आणि घेणारा लहान होत नाही. भिक्खूच्या पात्रात वाढलं की वाकतो तो वाढणारा; घेणारा आभार मानत नाही. लहानपणी मला हे उर्मटपणाचं वाटायचं. आता वाटतं, त्यात मोठी समज आहे. जे द्यायलाच हवं ते देणाऱ्याने उपकार केल्यासारखं देऊ नये म्हणून ही रीत. 14 ऑगस्ट 2025ला वरळीच्या 556 कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आम्ही ते टीव्हीवर बघितलं, हिने डोळे पुसले. माझ्या मनात आलं, आपली पाळी येईल तेव्हा हात नेमके कुणी कुणाला जोडायचे? चाळीत राहणारे आमचे बाप गिरणीत खपले, शहर त्यांच्यावर उभं राहिलं, भाडं भरलं, पावत्या जपल्या. मी हात जोडीन, कारण मला तशी सवय आहे. पण मनातून जोडणार नाही, हे ठरलंय.

इथपर्यंत हिशेब जुळला होता. पंचवीस हजार हे दान नाही, भीक नाही, देणं आहे; घराची इच्छा तृष्णा नाही. टाइमकीपर साहेबांना हे सांगून मी एक रविवार जिंकलोसुद्धा.

न जुळलेली बाजू आता लिहितो.

आमच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये एक लातूरचा मुलगा झोपायचा. सात वर्षं. दादरच्या फुलबाजारात हमाली करायचा, पहाटे तीनला उठून जायचा. एक ट्रंक, एक गादी, भिंतीला दोन खिळे. संध्याकाळी आमच्या मोरीत आंघोळ. त्याचे महिन्याला पंधराशे रुपये मी घ्यायचो. पोटभाडेकरू हा शब्द आम्ही वापरत नव्हतो, "आपला मुलगा आहे" म्हणायचो, पण पंधराशे घ्यायचो आणि पावती कधीच दिली नाही. दिली असती तर माझ्याच खोलीचा घोळ झाला असता. तो आला त्या वर्षी पाच हजार डिपॉझिटही घेतलं होतं. ही म्हणाली होती, नका घेऊ. मी म्हटलं, पद्धत आहे.

पात्रतेची यादी लागली तेव्हा त्यात आमचं नाव होतं. तो माझ्या शेजारी उभा राहून यादी बघत होता, बोट खाली खाली नेत. त्याला माहीत होतं की आपलं नाव नसणार. तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं त्याने. मग मला म्हणाला, "काका, झालं तुमचं. बरं झालं."

उषवदाताच्या लेण्यात तो बसला असता. पावसाळाभर राहिला, झाला त्या वीसांतला एक. आमच्या चाळीत सात पावसाळे राहून तो कुणीच नाही, कारण इथे राहणं मोजत नाहीत, पावती मोजतात. आणि ती पावती त्याला न देणारं सरकार नव्हतं, मी होतो. सेक्रेटरीच्या दारात मला जो राग आला होता, तो या मुलाला माझ्याबद्दल यायला हवा होता. आला नाही, किंवा त्याने दाखवला नाही. दार मीही लावलंच होतं, फक्त सात वर्षं ते किलकिलं ठेवून पंधराशे घेत होतो.

मी टाइमकीपर साहेबांना हेही सांगितलं. त्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं नाही. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आमच्या माळ्यावर एक जण राहतो. अठराशे घेतो मी."

चाळ रिकामी करायच्या दिवशी मी त्या लातूरच्या मुलाचे पाच हजार परत दिले. वर दोन महिन्यांचे तीन हजार घालून देत होतो, त्याने ते मोजून बाजूला काढले आणि परत केले. ट्रंक डोक्यावर घेतली. भिंतीतले खिळेसुद्धा उपटून नेले.

कन्नमवार नगरातली जागा बरी आहे. ही हाउसिंग बोर्डाची जुनी वसाहत, कामगारांसाठी बांधलेली. खिडकीतून बदाम दिसतो, सकाळी वारा येतो. भाडं साडेतेवीस हजार, म्हणजे सरकारच्या पंचविसातून माझे दीड हजार दरमहा उरतात. बरोबर पंधराशे. ते मी वेगळे ठेवतो, अजून कशालाच हात लावलेला नाही. तो मुलगा आता दिव्याला असतो, एका खोलीत सहा जण, आणि फुलबाजार गाठायला रात्रीच्या शेवटच्या लोकलने येऊन दादरच्या फलाटावर झोपतो. करार संपायला चार महिने राहिलेत. मालक म्हणालाय, पुढच्या वेळी पंचवीस घेईन.